मोठ्या कंपनीत बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, म्हणजे बीपीएम, आणायचं ठरलं की पहिली बैठक होते. बैठकीत फारसं कोणी काही विचारत नाही. खरे प्रश्न नंतर जिन्यात आणि लिफ्टमध्ये विचारले जातात. खालचे बहुतेक प्रश्न तिथले आहेत. मी हे काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे काही उत्तरांत माझं मत जरा ठाम उतरलंय. पटलं नाही तर खुशाल वाद घाला.

बीपीएम म्हणजे नेमकं काय? ते सॉफ्टवेअर आहे का?

नाही. कंपनीत एखादं काम कुठेतरी सुरू होतं आणि शेवटी कोणाच्या तरी हातात काहीतरी पडतं. ऑर्डर येते आणि ग्राहकाला माल मिळतो. बिल येतं आणि पुरवठादाराला पैसे मिळतात. जागा रिकामी होते आणि नवा माणूस रुजू होऊन त्याला लॅपटॉप मिळतो. या दोन टोकांमधल्या सगळ्या पायऱ्या मिळून एक प्रोसेस होते. ती नीट पाहायची, मोजायची, बदलायची आणि बदल टिकतोय का यावर लक्ष ठेवायचं, एवढंच बीपीएम. शेवटचा भाग हमखास राहून जातो.

हाच शब्द सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीही उचलला, म्हणून गोंधळ होतो. त्यांच्याकडे मिळते ती बीपीएम सिस्टीम. फॉर्म फिरवणारं, आठवण करून देणारं, कोणाकडे काय अडलंय ते दाखवणारं एक साधन. त्याचा विषय पुढे येईल.

आणखी एक: प्रोसेस तुमच्याकडे आधीपासून आहेच. ती कोणी बसून आखलेली नसेल, वीस वर्षांत एकेका भांडणातून आणि एकेका ऑडिटच्या शेऱ्यातून ती साचत गेली असेल, पण आहे. त्यामुळे 'आमच्याकडे प्रोसेस नाही' ही तक्रार मी कधी खरी मानत नाही.

आमच्याकडे एसओपी आहेत, आयएसओ प्रमाणपत्र आहे. मग आणखी हे कशाला?

एसओपी म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, आणि त्या विभागाच्या असतात. खरेदी विभागाची एसओपी 'पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवली' इथे संपते. गोदामाची 'माल आला' इथे सुरू होते. मधल्या दिवसांत पीओवर चुकीचा पत्ता आहे हे पुरवठादाराला कळतं, तो फोन करतो, आणि तो फोन कोणी घ्यायचा हे कुठल्याच एसओपीत नसतं. काम विभागाच्या आत क्वचित बिघडतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ते बिघडतं, आणि तिथे कोणाचीच मालकी नसते.

खरं तर आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या २००० सालच्या आवृत्तीनेच कामाकडे प्रोसेस म्हणून बघण्यावर भर दिला होता. बहुतेक कंपन्यांनी त्याची फाइल केली आणि कपाटात ठेवली. ती फाइल फेकू नका. व्याख्या, फॉर्मचे नंबर आणि कुठलं रेकॉर्ड किती वर्षं जपायचं याची माहिती त्यात चांगली मिळते. प्रत्यक्ष काम कसं चालतं याचा पुरावा म्हणून मात्र ती धरू नका.

टीक्यूएम झालं, रीइंजिनिअरिंग झालं, सिक्स सिग्मा झालं. हेही येईल आणि जाईल ना?

ही सगळी काम सुधारण्याची आधी येऊन गेलेली तंत्रं, त्यामुळे शंका रास्त आहे, आणि ती विचारणारा माणूस बहुधा खोलीतला सगळ्यात अनुभवी असतो. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने कामाच्या पायऱ्यांचा तक्ता अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडला तो १९२१ मध्ये. सिक्स सिग्मा मोटोरोलात १९८६ च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे कल्पना काही कालची नाही.

या सगळ्यातली मला अजूनही उपयोगी वाटणारी गोष्ट रीइंजिनिअरिंगचा विचार मांडणाऱ्या मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये सांगितलेली फोर्डची आहे. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या अकाउंट्स पेएबल, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागात पाचशेहून जास्त माणसं होती. नवी कॉम्प्युटर सिस्टीम आणून सुमारे २० टक्के कमी करता येतील असा त्यांचा हिशेब होता. मग त्यांनी माझदाकडे पाहिलं. तिथे हेच काम ५ माणसं करत होती. माझदा लहान कंपनी, हे धरूनही फरक पचेना.

फोर्डमध्ये पीओ, माल मिळाल्याचा कागद आणि पुरवठादाराचं बिल असे तीन कागद जुळवावे लागत, त्यावरच्या १४ बाबी तपासून. विभागाचा सगळा वेळ जात होता तो न जुळणाऱ्या कागदांत. त्यांनी जुळवणी वेगवान केली नाही. त्यांनी बिलच बाद केलं. माल दारात आला की तिथलाच माणूस कॉम्प्युटरवर पीओ पाहतो. जुळला तर घेतो, नाहीतर परत पाठवतो. घेतला की पैसे आपोआप निघतात. जुळवायच्या बाबी राहिल्या तीन. त्या विभागातलं मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटलं.

पुढे याच विचाराचं नाव घेऊन अनेक ठिकाणी नुसतीच माणसं कमी केली गेली. जुन्या लोकांना 'रीइंजिनिअरिंग' म्हटल्यावर आठवतं ते हेच, आणि त्यांचं चुकत नाही. बीपीएममध्ये एकदाच मोठा धमाका करायचा नसतो. एक मालक नेमून वर्षानुवर्षं त्या साखळीकडे बघत राहायचं असतं. ते झालं नाही तर हेही येईल आणि जाईल.

सुरुवात कुठल्या प्रोसेसने करायची?

आधी काय करू नये ते सांगते. 'सगळ्या कंपनीचा नकाशा (कामाच्या पायऱ्यांचं चित्र) आधी काढू, मग सुधारणा' या वाटेला जाऊ नका. हजारभर नकाशे तयार होतात, त्यात एक वर्ष जातं, आणि शेवटचा काढून होईपर्यंत पहिला शिळा झालेला असतो. कंपनीतल्या कामांची यादी हवीच असेल तर एपीक्यूसी या संस्थेची वर्गवारी १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे. तिचे वरचे दोन थर घ्या, आपले शब्द घाला, दोन आठवड्यांत काम संपवा.

मग एक प्रोसेस निवडा. ती किमान तीन विभागांतून जाणारी असावी, नाहीतर विभागप्रमुख ते काम स्वतःच करू शकला असता. ती रोज घडणारी असावी. वर्षअखेरीचा ताळेबंद पायलटसाठी, म्हणजे पहिल्या प्रयोगासाठी, घेतलात तर बदल चालला की नाही हे कळायला पुढचं वर्ष उजाडेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यामुळे कोणीतरी वरिष्ठ माणूस आत्ता, या महिन्यात, त्रासलेला असावा. त्रास नसेल तर आधार मिळत नाही. पुरवठादाराचं बिल ते पेमेंट, किंवा नव्या माणसाची भरती ते रुजू होणं, या दोन्ही चांगल्या सुरुवाती आहेत.

प्रोसेस ओनर कोणाला करायचं?

ओनर म्हणजे त्या सगळ्या साखळीचा एक मालक. इथे सगळ्यात जास्त प्रकल्प फसतात, म्हणून जरा सविस्तर.

नेहमीची चूक अशी: ज्याला वेळ आहे त्याला ओनर करतात. मोठ्या कंपनीत ज्याला वेळ आहे त्याच्या शब्दाला सहसा वजन नसतं. तो बिचारा बैठका बोलावतो, मिनिट्स लिहितो, फॉलोअप करतो. दोन विभागप्रमुखांचं जुळलं नाही की गप्प बसतो.

दुसरी चूक त्याहून सुसंस्कृत दिसते. खरेदी आणि फायनान्स दोघांनाही मान हवा म्हणून दोन ओनर नेमतात. पहिल्या वादापर्यंत सगळं छान चालतं.

माझी कसोटी एका प्रश्नाची आहे. 'बिलावर पीओ नंबर नसेल तर ते परत पाठवायचं की आपण शोधायचा, यावर खरेदी आणि फायनान्स भांडले, तर शेवटचा शब्द कोणाचा?' ज्याचं नाव सगळे एका दमात घेतील तो ओनर. कोणीच नाव घेत नसेल तर नकाशे काढायला सुरुवात करू नका. आधी वर जाऊन हे ठरवून आणा.

ओनरच्या हाताखाली त्या सगळ्या विभागांतली माणसं असायची गरज नाही, ती नसतातच. पण तीन गोष्टी त्याच्या हातात हव्यात: प्रोसेसमधला कुठलाही बदल थांबवायचा अधिकार, थोडं बजेट, आणि विभागप्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनात चार ओळी लिहायची संधी. तिसरी मागितली की चेहरे बदलतात. पण ती मिळाली की बैठकीला माणसं वेळेवर येतात, हे मी पाहिलंय.

नकाशा काढायला कोणाला बसवायचं?

जे काम करतात त्यांना. हे सगळे मान्य करतात आणि मग मॅनेजरांना बोलावतात.

एका कंपनीत बिलांच्या मंजुरीचा नकाशा काढत होतो. भिंतीवर तपकिरी कागद लावलेला, हातात पिवळ्या चिठ्ठ्या. पाच मॅनेजर होते. दीड तासात नऊ चिठ्ठ्या लागल्या, सरळ रेषेत, देखण्या. मग डेटा एंट्रीच्या टेबलावरच्या एका बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ कागदासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'परत आलेली बिलं यात कुठे आहेत?' कोणी बोलेना. त्या खाली जाऊन आपली वही घेऊन आल्या. दोनशे पानी, कव्हर लावलेली. डावीकडे पुरवठादारांची नावं, उजवीकडे बारीक अक्षरात नोंदी: याचं बिल नेहमी दोनदा येतं, याचा टॅक्स नंबर सिस्टीममध्ये जुना आहे, हाताने बदलणे, हे बिल महिन्याच्या २५ तारखेनंतर पाठवू नये, परत येतं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर एकतीस चिठ्ठ्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या मागे वळणाऱ्या.

कंपनीची खरी प्रोसेस त्या वहीत होती. अशी वही प्रत्येक कंपनीत असते. कुठे ती एक्सेल शीट असते, कुठे मॉनिटरला चिकटवलेले कागद. ती शोधा. मात्र ती मागताना आधी सांगा की या नोंदींवरून कोणाची चूक काढणार नाही, आणि मग खरंच काढू नका. एकदा जरी काढलीत तरी पुढच्या टेबलावर वही सापडणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे एक खरं बिल धरायचं आणि त्याच्या मागे चालत जायचं. टोयोटात प्रत्यक्ष कामाच्या जागेला 'गेंबा' म्हणतात आणि तिथे जाऊन उभं राहण्यावर त्यांचा सगळा भर असतो. ऑफिसातलं काम कारखान्यासारखं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून इथे चालण्याची गरज उलट जास्त.

बीपीएमएन शिकावं लागेल का?

सगळ्यांना नाही. बीपीएमएन ही चित्रांची ठरलेली भाषा आहे. पहिली आवृत्ती २००४ ची, आज सगळीकडे चालते ती दुसरी आवृत्ती २०११ ची, आणि २०१३ मध्ये ती आयएसओचं प्रमाण म्हणूनही स्वीकारली गेली. तिच्यात चिन्हं ढीगभर आहेत. रोजच्या कामाला पाचसहा पुरतात: सुरुवातीचं बारीक रेषेचं वर्तुळ, शेवटचं जाड रेषेचं, कामाचा गोल कोपऱ्यांचा चौकोन, निर्णयाचा तिरपा चौकोन, बाण, आणि कोण काय करतं ते दाखवणारे आडवे पट्टे.

दोन सवयी लावून घ्या. चौकोनात काम क्रियापदाने लिहा: 'बिल तपासणी' नको, 'बिलाची रक्कम पीओशी ताडून पाहा' हवं. आणि तिरप्या चौकोनावर प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर कामावरचा माणूस समोरच्या कागदावरून देऊ शकेल. 'योग्य आहे का?' हा प्रश्न होत नाही. 'रक्कम पीओपेक्षा जास्त आहे का?' हा होतो.

काय मोजायचं?

आधी फक्त दोन प्रकारचा वेळ मोजा. कामावर प्रत्यक्ष हात किती वेळ होता, आणि काम सुरू होऊन संपेपर्यंत कॅलेंडरवर किती दिवस गेले. पहिला आकडा मिनिटांत येतो, दुसरा आठवड्यांत. हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवले की 'आमची माणसं हळू काम करतात' हा सूर तिथल्या तिथे थांबतो, कारण माणसं हळू नसतातच. काम पडून असतं.

किती पडून आहे हे काढायला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: आत अडकलेली कामं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. समजा ६०० बिलं आत कुठे ना कुठे आहेत, आणि रोज ४० येतात, ४० निघतात. म्हणजे एक बिल सरासरी १५ कामाचे दिवस आत राहतं. स्टॉपवॉच नको, सॉफ्टवेअर नको. फक्त ढीग मोजायची तयारी हवी.

मग चुका. प्रत्येक पायरीवर १०० पैकी ९५ कामं बरोबर होतात असं धरा. कुठलाही विभागप्रमुख यावर खूश असेल. अशा दहा पायऱ्या एकामागून एक आल्या तर पहिल्या फटक्यात आरपार बरोबर जाणारी कामं साधारण ६० उरतात. बाकीची ४० कुठेतरी मागे फिरतात. दहाही विभाग आपापल्या अहवालात हिरवे आणि ग्राहक मात्र चिडलेला, हे कोडं इथे सुटतं.

सरासरीवर थांबू नका. सरासरी १५ दिवस असेल आणि शंभरातली दहा बिलं ४५ दिवस घेत असतील, तर फोन त्या दहांचेच येतात.

आणि एक सावधगिरी. टीएटीला, म्हणजे काम पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेला, बक्षीस जोडलं की टीएटी सुधारतो, काम सुधारेलच असं नाही. मी पाहिलेल्या युक्त्या: मुदत संपत आली की 'माहिती अपुरी' म्हणून शेरा मारायचा, घड्याळ थांबतं. किंवा तिकीट बंद करून त्याच कामाचं नवं उघडायचं. म्हणून टीएटीबरोबर परत पाठवलेल्या कामांचा आकडा नेहमी जोडीने बघा. पुरवठादाराने बिल पाठवलं तेव्हा सुरू होऊन पैसे मिळाले तेव्हाच बंद होणारं एक घड्याळ ठेवा, ज्याला मध्ये कोणी हात लावू शकत नाही.

मंजुरीच्या सह्या कमी करायला कोणीच तयार नाही. काय करावं?

सही काढा असं म्हणू नका. त्याऐवजी विचारा: 'गेल्या वर्षभरात या पायरीवर किती वेळा नकार दिला गेला?' आकडा काढून आणा. अनेक पायऱ्यांवर तो शून्य किंवा शून्याच्या आसपास निघतो. जिथे कधीच नकार मिळत नाही तिथे मंजुरी चालत नसते, फक्त माहिती पोचत असते. माहिती मेलने, नंतर, काम न थांबवता पोचवता येते.

दुसरा मुद्दा रांगेचा. कामं अनियमितपणे येत असतील आणि सही करणारा एकच असेल, तर साध्या रांगेच्या गणिताप्रमाणे तो ५० टक्के व्यग्र असताना काम जितका वेळ घेतं साधारण तितकाच वेळ थांबतं. ८० टक्क्यांना चौपट, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. साहेबांची डायरी गच्च भरलेली असणं हा त्यांच्या दृष्टीने अभिमानाचा विषय असतो. प्रोसेसच्या दृष्टीने ती अडकलेली मोरी असते. हे वाक्य बैठकीत याच शब्दांत बोलू नका. मी एकदा बोलले होते.

सगळ्याच सह्या निरुपयोगी नसतात, हेही सांगायला हवं. जो पुरवठादाराचं खातं उघडतो त्यानेच त्याला पैसे सोडू नयेत, ही विभागणी काढायची नाही. अमेरिकेत शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यामुळे आर्थिक अहवालामागच्या नियंत्रणांचा पुरावा ठेवावा लागतो, आणि इतर देशांतही वेगवेगळ्या नावांनी असे नियम आहेत. म्हणून इंटर्नल ऑडिटवाल्यांना पहिल्या दिवसापासून खोलीत बसवा. कुठली सही कुठल्या धोक्यासाठी आहे हे त्यांना पाठ असतं, आणि कुठली कशासाठीच नाही हेही. शेवटी नवा नकाशा घेऊन गेलात तर ते त्यांच्या कामाप्रमाणे चुका काढतील.

प्रोसेस मायनिंग घेतलं तर हे नकाशे आपोआप निघतील ना?

अर्धे. कल्पना सुंदर आहे: सिस्टीममध्ये प्रत्येक कामाचा नंबर, झालेली कृती आणि वेळ यांची नोंद असते. त्या तीन रकान्यांवरून सॉफ्टवेअर खरा प्रवास काढून दाखवतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठात विल वान डेर आल्स्ट यांनी या विषयाचा पाया घातला. पहिल्यांदा चित्र निघालं की ते शेवयांच्या गुंत्यासारखं दिसतं आणि सगळे हादरतात. तो हादरा उपयोगी आहे.

पण फोनवर झालेलं बोलणं नोंदीत नसतं. मेलवर झालेलं बहुधा नसतं. आणि एखादा माणूस दिवसभर कागदावर काम करून संध्याकाळी सहाला सगळं एकदम सिस्टीममध्ये चढवत असेल, तर यंत्राला वाटतं की अख्खं काम सहाला दहा मिनिटांत झालं. वही आणि नोंदी, दोन्ही शेजारी ठेवा. आणि माणसांची नावं झाकून मगच तक्ते दाखवा, नाहीतर पहिल्याच बैठकीत चर्चा कोण कामचुकार यावर जाईल.

मग सॉफ्टवेअर घ्यायचं कधी? आणि आरपीए?

जुनी प्रोसेस कागदावर सुधारून, एका छोट्या गटात महिनाभर हाताने चालवून पाहिल्यावर. हाताने चालत नाही ते सिस्टीममध्येही चालत नाही, फक्त तिथे बदलायला चेंज रिक्वेस्ट लागते.

आरपीए म्हणजे माणूस जशी बटणं दाबतो तशी दाबणारा बॉट. जुन्या सिस्टीमला हात लावता येत नसेल तर तो तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे. समोरचा स्क्रीन बदलला की तो अडखळतो, आणि तो कोणी बनवला होता हे तोवर कोणाला आठवत नसतं. फोर्डची गोष्ट इथे पुन्हा वाचा: तीन कागद जुळवणारा बॉट बसवता आला असता. त्यांनी एक कागदच काढून टाकला.

यात नोकऱ्या जातील का?

हा प्रश्न उघडपणे विचारला गेला नाही तरी खोलीत असतोच. उत्तर कंपनीच्या वरिष्ठांनी द्यायचं असतं, बीपीएम टीमने नाही, आणि काम सुरू व्हायच्या आधी द्यायचं असतं. 'कोणालाही धक्का लागणार नाही' असं खोटं सांगण्यापेक्षा 'या प्रकल्पामुळे कोणाला काढणार नाही, पण काहींचं काम बदलेल आणि निवृत्त होणाऱ्यांच्या काही जागा भरणार नाही' असं खरं सांगितलेलं बरं. वरिष्ठ असं काहीच सांगायला तयार नसतील, तर वहीवाल्या बाई वही आणणार नाहीत. त्यांच्या जागी मीही आणली नसती.

आमच्या प्रत्येक शाखेत काम वेगळ्या पद्धतीने चालतं. सगळीकडे एकच प्रोसेस करायची का?

फरकाचं कारण लिहून मागा. कायदा वेगळा आहे, ग्राहकाच्या करारात वेगळी अट आहे किंवा यंत्रसामग्री वेगळी आहे, ही तीन कारणं चालतील. 'आमच्याकडे आधीपासून असंच आहे' हे चौथं कारण सगळ्यात जास्त येईल. ते चालणार नाही. मात्र कधीकधी एखाद्या शाखेची पद्धत मुख्यालयापेक्षा सरस निघते. तेव्हा मुख्यालयाने ती उचलावी. असं एकदा जाहीरपणे झालं की बाकीच्या शाखांचा विरोध बराच मावळतो.

किती वेळ लागेल?

पहिल्या प्रोसेसला चार ते सहा महिने धरा. 'वर्षभरात संपूर्ण कंपनी' असं कोणी लिहून देत असेल तर त्याला नकाशे म्हणायचे असतील.

सेंटर ऑफ एक्सलन्स हवं का?

हवं, पण लहानसं. म्हणजे बीपीएमची मध्यवर्ती टीम: चारपाच माणसं, त्यातली किमान दोन कामाच्या टेबलांवरून आलेली. त्यांनी पद्धत शिकवावी, नकाशांचा साठा सांभाळावा, ओनरना अडेल तिथे मदत करावी. त्यांनीच सगळे नकाशे काढायला सुरुवात केली की विभाग म्हणतात, 'ती बीपीएमवाल्यांची प्रोसेस आहे.'

नवी पद्धत सुरू झाली, पण सहा महिन्यांत लोक हळूच जुन्यावर आले. काय चुकलं?

आधी एक्सेल शोधा. नव्या सिस्टीमच्या शेजारी कोणीतरी समांतर शीट ठेवलेली असते. ती बंद करायचा फतवा काढण्याआधी ती भरणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा. नव्या पद्धतीत नसलेला एखादा रकाना तिथे सापडेल, बहुतेक वेळा साधाच: पुरवठादाराशी शेवटचं बोलणं कधी झालं, काय ठरलं. तो रकाना सिस्टीममध्ये आणा, शीट आपोआप ओस पडते.

मग जुने दरवाजे बघा. जुना फॉर्म इंट्रानेटवर अजून आहे का? जुना मेल आयडी चालू आहे का? चालू असेल तर कामं तिथूनच येणार. आणि ओनर दर आठवड्याला वीस मिनिटं आकडे बघतो का, हे विचारा. 'तिमाही आढावा असतो' असं उत्तर आलं तर सहा महिन्यांत काय झालं ते कळलं.

काही वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीने आमचे सगळे नकाशे काढून दिले होते. ते वापरता येतील का?

बघायला हरकत नाही. त्यातला एक निवडा, प्रिंट काढा, पहिल्या चौकोनात ज्या टेबलाचं नाव आहे तिथे जा. तिथे बसलेल्या माणसाला कागद द्या, पेन द्या, आणि म्हणा, 'यातलं जे खरं नाही ते खोडा.' पहिल्या चार चौकोनांपैकी दोन खोडले गेले तर उरलेला गठ्ठा उघडायची गरज नाही. त्या माणसाला मात्र पुढच्या आठवड्यात भिंतीवरच्या कागदासमोर बोलावून घ्या.